मुद्रिकेला शेवटचा स्टॉप नसतो

आमच्या जिन्यातली माणसं रोज संध्याकाळी एका सुराची वाट बघतात आणि तो सूर येत नाही.

तिसऱ्या मजल्यावर मनूकाका गिटार घेऊन बसतात. तासभर वाजवतात. मग धून हळूहळू उतरणीला लागते. आता संपणार, हे माझ्यासारख्या संगीतातलं काही न कळणाऱ्या बाईलासुद्धा समजतं. पोळी लाटता लाटता माझा हात थांबतो. आणि नेमका शेवटचा सूर तेवढा बाकी असताना मनूकाका गिटार खाली ठेवतात आणि चहा टाकायला उठतात. वरून पातेल्याचा आवाज येतो, सुराचा येत नाही. शिंक येता येता राहावी तसं अख्ख्या जिन्याचं होतं.

चौथ्या मजल्यावरचे कर्नल मेहरा फौजी माणूस. अर्धवट काम त्यांना सोसत नाही. ते बाल्कनीत येतात, खर्जात एक लांबलचक "साऽऽ" लावतात आणि खाली वाकून सांगतात, "हो गया, भिंगारदिवे साहब. मैंने कर दिया."

"थँक यू, कर्नल," आतून मनूकाका.

दिल्लीत मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी आहे. गळती, पार्किंग, कुत्री, सगळ्या तक्रारी माझ्याकडे येतात. कोणी गिटार वाजवतो अशी तक्रार मी समजू शकते. गिटार पूर्ण वाजवत नाही, अशी तक्रार लेखी आली तेव्हा मात्र मी वर गेले.

"मनूकाका, शेवट का करत नाही तुम्ही?"

"शेवटाचं बघू, सेक्रेटरीबाई. घाई कोणाला आहे?"

"कर्नलना आहे."

"मग ते करतायत की," मनूकाका म्हणाले आणि माझ्यापुढे चहा ठेवला. मी तक्रार 'चर्चेअंती निकाली' असं लिहून फाइल बंद केली.

त्यांचं पूर्ण नाव इमॅन्युएल भिंगारदिवे. मूळ घराणं नगरचं, पण जन्म इथला. वडील रेल्वेत, त्यामुळे लहानपण पहाडगंजच्या आसपास गेलं. शाळा तिथलीच, मराठी. गिटार चर्चमध्ये शिकले, तिथून कनॉट प्लेसच्या हॉटेलांत वाजवायला गेले, आणि तिथे जेवणाऱ्या माणसांना घास चावायला सोपं जाईल असं संगीत वाजवून कंटाळल्यावर त्यांनी स्वतःचा बँड काढला. नाव ठेवलं 'लोहापूल'. यमुनेवरचा जुना लोखंडी पूल दिल्लीकरांना माहीत असतो. "वरून रेल्वे जाते, खालून टांगे, सायकली. दोघं एकाच पुलावर, पण कोणी कोणाला अडवत नाही. जॅझ फ्यूजन म्हणजे तेच," असं ते समजावतात. मला तरी याहून सोपं कोणी सांगितलेलं नाही.

गिटार घेऊन ते अजून मेट्रोने फिरतात. तपासणीच्या पट्ट्यावर ती काळी पेटी ठेवली की तिथला जवान विचारतो, "अंकल, इसमें क्या है?"

"ढूँढ रहा हूँ," मनूकाका सांगतात.

हे सगळं मला आधी ठाऊक होतं असं नाही. माझ्या लेखी ते ज्यांची पाण्याची टाकी ओसंडून वाहते ते तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ होते. त्यांच्या पत्नी रूथकाकू पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायच्या. काखेत काळी पर्स मारून तुरुतुरु जिना उतरायच्या. "बरंय ना?" एवढंच आमचं बोलणं. काही वर्षांपूर्वी त्या गेल्या. बाकी टाकी तशीच वाहत होती.

मग तळमजल्यावर ऋचा राहायला आली. पुण्याची मुलगी, नोएडाला आयटीत नोकरी, आणि सामानात फ्रिजच्या आधी बास गिटार. भाडेकराराचे कागद घेऊन ती माझ्याकडे आली होती. सही करता करता पेन तसंच हातात धरून थांबली.

"काकू, वर कोण वाजवतंय?"

"भिंगारदिवे."

"इमॅन्युएल भिंगारदिवे? लोहापूलवाले?" ती कागद तिथेच टाकून जिन्यात जाऊन उभी राहिली. दहा मिनिटांनी परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झालेला. "काकू, तुम्हाला कल्पना नाहीये. युरोपात पोरं यांच्या धुना बसवतात, आणि तुमच्या नोटीसबोर्डवर यांचं नाव टाकीसाठी लागलंय?"

"ओव्हरफ्लो होते त्यांची," मी म्हटलं.

मग तिने मोबाइलवर मला काय काय ऐकवलं. त्यातलं बरंचसं डोक्यावरून गेलं. पण एक धून लागली आणि मीच उडाले. माझ्या लहानपणी टीव्हीवर एका पंख्याची जाहिरात लागायची, तिची धून. त्या धुनेवर आम्ही भावंडं हात पसरून गोल गोल फिरायचो, भोवळ येऊन पडेपर्यंत. ती मनूकाकांची होती. आमच्या डोक्यावर राहणाऱ्या माणसाने माझं अर्धं बालपण फिरवलं होतं, आणि मी त्याला वॉशर बदला म्हणून सांगत होते.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती 'मुद्रिका'ची. रिंग रोडवरून गोल फिरणारी बस, ती मुद्रिका. मनूकाकांच्या सगळ्यात मोठ्या रचनेचं तेच नाव. सात मात्रांचा ठेका, त्यात गिअर बदलताना बस हिसका देते तसा हिसका, कंडक्टर पत्र्यावर थाप मारतो तशी गिटारच्या पोटावर थाप. ऐकताना खरंच आपण उभ्याने प्रवास करतोय असं वाटतं. पण ती संपत नाही. कॅसेट काढली तेव्हा स्टुडिओवाल्याने आवाज बारीक बारीक करत नेऊन ती मिटवली होती. आणि गेल्या काही वर्षांतले कार्यक्रम तर सगळे अंधारातच संपलेले. इथल्या एका मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात मुद्रिका सुरू असताना लोकांची जेवणं झाली, श्रीखंड संपलं, खुर्च्यांच्या चळती लागल्या, तरी मनूकाका वाजवत होते. शेवटी जनरेटरवाला आपला जनरेटर घेऊन गेला.

"मुद्रिकेला शेवटचा स्टॉप नसतो, बाई," त्यांचं म्हणणं.

अशात ऋचा एका शनिवारी धावत वर आली आणि मला घेऊन मनूकाकांकडे गेली. हॉलंडमधली एक छोटी रेकॉर्ड कंपनी मुद्रिका छापायला तयार झाली होती. अट एकच. लोकांसमोर वाजवलेली हवी आणि पूर्ण हवी, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मिटवत नेलेली नको, तुटलेली नको.

मनूकाकांनी ऐकलं आणि डाव्या हाताचं तिसरं बोट आमच्यापुढे धरलं. ते वाकलं की वाकलेलंच राहायचं, मग उजव्या हाताने उघडावं लागायचं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. नंतर हे बोट पूर्वीसारखं पळेलच, असं त्यांनी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे आता नाही तर मग नाही," मी म्हटलं.

"बिल्कुल," मनूकाका म्हणाले.

ओखल्याला एका माल पोचवणाऱ्या कंपनीत डिस्पॅच मी सांभाळते. गाडी वेळेवर निघणं आणि वेळेवर लागणं यावर माझं पोट चालतं. न संपणारी बस संपवून दाखवायची हे काम माझ्याकडे आपसूकच आलं. मंडी हाउसजवळ एक हॉल मिळाला. तिथले मॅनेजर त्यागीजी मनूकाकांचं नाव ऐकताच म्हणाले, "वो ही ना, जो रुकते नहीं?" त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं की साडेआठला मेन स्विच बंद होईल, मग मंचावर कोणीही असो.

मनूकाकांच्या बैठकीत तालीम सुरू झाली. ऋचाची बास आणि ड्रमवर बक्षीजी. हे मनूकाकांचे जुने सोबती, पहाडगंजला नळांचं होलसेल दुकान. टाकीचा वॉशर त्यांनीच पहिल्या दिवशी बदलून टाकला, त्यामुळे माझं त्यांच्याविषयी मत चांगलं झालं.

शेवट करवून घ्यायला मी पहिल्यांदा स्वयंपाकघरातला टायमर आणला. टायमर पीं पीं वाजला, मनूकाकांनी तोच सूर गिटारवर पकडला आणि त्याच्यावर एक नवी फेरी सुरू केली. ऋचा म्हणाली, काय सुंदर झालं. दुसऱ्या दिवशी मी लाल दिवा आणला. तो लागल्यावर मनूकाका खुशीत म्हणाले, "सिग्नल लागला," आणि सिग्नलला थांबलेल्या बसचा एक तुकडा वाजवला, आजूबाजूच्या हॉर्नसकट. मग ठरलं की बक्षीजींनी तीन म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. बक्षीजी थांबले, ऋचा थांबली, मनूकाका दाराकडे बघत एकटेच पुढे निघून गेले, आणि चालती बस पकडावी तसं या दोघांना पळत जाऊन चढावं लागलं.

"बक्षीजी, पहले कैसे ख़तम करते थे आप लोग?" मी वैतागून विचारलं.

"पहले की बात और थी," ते म्हणाले आणि ड्रमचा नसलेला स्क्रू पिळत बसले.

खुर्च्यांचा नकाशा घेऊन मी मनूकाकांकडे गेले तेव्हा त्यांनी फक्त एक गोष्ट मागितली. पहिल्या रांगेतली, मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची रिकामी ठेवायची.

"कोण येणार आहे?"

"कोणी नाही. रिकामी ठेवा."

हॉल भरणार की नाही याची धास्ती असताना पहिल्याच रांगेत खुर्ची वाया घालवणं मला पटलं नाही. पण कलाकारांच्या खोडी असतात म्हणून 'आरक्षित' असा कागद चिकटवला.

आणि हॉल भरला. नुसता भरला नाही, गच्च झाला. गुडगावहून, नोएडाहून पाठीला वाद्यं लावलेली मुलंमुली आली आणि पायऱ्यांवर बसली. पांढऱ्या केसांचे चार जण आले, त्यांच्याकडे ती जुनी कॅसेट होती, सही हवी होती. आमच्या जिन्यातले सगळे. कर्नल ब्लेझर घालून. मी सकाळपासून नव्या सँडलमध्ये दाराशी, विंगेत, मायक्रोफोनपाशी धावत होते. माझ्या आयुष्यात मी इतकी अधीर फक्त मुलीच्या बारावीच्या निकालाला झाले होते.

चेक्सचा शर्ट घालून मनूकाका आले. आणि काय वाजवलं त्यांनी. पंख्याची धून आली तेव्हा अर्धा हॉल हसला आणि मग गप्प झाला, कारण तिच्यातून त्यांनी असं काही उलगडत नेलं की ती जाहिरातीची आहे याचीच लाज वाटावी. आखडणारं बोट तंगड्या टाकत पळत होतं. मग मुद्रिका सुरू झाली. सात मात्रा, हिसका, थाप. पायऱ्यांवरची मुलं बसल्या जागी डुलायला लागली. ऋचा डोळे मिटून वाजवत होती. बस पुलावरून गेली, बाजारातून गेली, एकदा तर चक्क पंक्चर झाली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझे पाय मात्र संपले. अख्ख्या हॉलमध्ये एकच खुर्ची रिकामी होती. मी 'आरक्षित' कागद बाजूला केला आणि तिच्यावर बसले.

ड्रममागून बक्षीजींनी डोळे मोठे केले आणि एक काठी माझ्याकडे रोखली. मला वाटलं, वाजवण्यातलाच प्रकार असेल. मनूकाकांनीही बघितलं. एक क्षण. पुढे वाजवत राहिले.

फेरी झाली, पुन्हा फेरी झाली. माझं लक्ष आता घड्याळाकडे. मनूकाका कुठेही उतरण्याच्या बेतात नव्हते. बाजूच्या दारात त्यागीजी येऊन उभे राहिले आणि मनगटावर बोट आपटून दाखवू लागले. साडेआठला थोडाच वेळ होता. स्विच पडला की रेकॉर्ड गेली, हॉलंड गेलं, आणि ऑपरेशननंतरचं कोणी बघितलंय. त्यागीजींशी भांडल्याशिवाय इलाज नव्हता. मी पर्स काखेत मारली आणि उठून उभी राहिले.

"लाजपतनगर!" बक्षीजी मंचावरून ओरडले.

मी दचकले, पण थांबायला वेळ नव्हता. मी दाराकडे निघाले. मागे काहीतरी बदललं. ठेका तोच होता, पण बस आता कुठेतरी पोचायची असल्यासारखी चालायला लागली. त्यागीजींना मी "बस पाच मिनिट, भाईसाहब," म्हणत होते आणि तेही माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यावरून मंचाकडे बघत होते. एक फेरी झाली. दुसरी झाली. धून उतरणीला लागली. आमच्या जिन्यातल्या सगळ्यांनी श्वास धरला हे मला पाठमोरीलाही कळलं. मी वळून बघते तो ब्लेझरमधले कर्नल सवयीने उभे राहिले, तोंड उघडलं.

आणि सूर आला. गिटारमधून आला. गोल, पुरा, जिथे यायला हवा तिथेच.

कर्नल तोंड उघडं ठेवून तसेच उभे होते. मग सगळा हॉल उभा राहिला. दिवे सगळे लागलेले होते. त्यागीजींचा हात स्विचवर नव्हता, टाळ्या वाजवण्यात गुंतला होता.

मागच्या खोलीत गर्दी ओसरल्यावर मनूकाकांनी मला हाक मारली. टॉवेलने बोटं पुसत होते. म्हणाले, "सेक्रेटरीबाई, तुम्ही पर्स डाव्या काखेत घेतलीत."

"मग?"

"उजव्या. पण चालेल."

दमलेल्या माणसाचं बोलणं म्हणून मी सोडून दिलं. गाडीत ते मागे ऋचाच्या शेजारी बसल्याबरोबर झोपले. पुढे माझ्या शेजारी बक्षीजी होते. त्यांना मी विचारलं, हे लाजपतनगर काय आहे.

बक्षीजींनी हळू आवाजात सांगितलं. लग्नाआधी मनूकाका आणि रूथकाकू आय.टी.ओ.ला मुद्रिकेत चढायचे. रूथकाकूंचं घर रिंग रोडवरच्या आश्रम चौकात. सरळ गेलं तर लगेच येतं, म्हणून हे दोघं उलट्या दिशेच्या बसमध्ये बसायचे आणि अख्ख्या दिल्लीला वळसा घालून यायचे. बोलायला दुसरी जागा नव्हती. लाजपतनगर आलं की रूथकाकू पर्स काखेत मारून उभ्या राहायच्या. मग मनूकाकांना कळायचं की आता बोलणं आवरायला दोनच स्टॉप उरलेत. पुढे कार्यक्रमांतही तेच झालं. त्या कडेच्या खुर्चीत बसायच्या. पुरे झालं असं वाटलं की उठायच्या. बँडवाले म्हणायचे, लाजपतनगर आलं. दोन फेऱ्यांत सगळं संपवून गिटार पेटीत.

"ख़तम करना उसको कभी आया ही नहीं," बक्षीजी म्हणाले. "वो भाभी का डिपार्टमेंट था."

"मग मला सांगायचं ना. मी पहिल्या दिवशीच बसले असते."

"क्या बोलता? कि आकर मेरे सामने से उठ जाओ?"

पुढचा सिग्नल मोठा होता. मी आरशातून मागे झोपलेल्या मनूकाकांकडे बघितलं.

हॉलंडहून आठवड्यात उत्तर आलं. मुद्रिका छापणार, जशीच्या तशी. फक्त शेवटाकडे एक माणूस काहीतरी ओरडतो, तो शब्द काय आहे, एवढं त्यांना हवं होतं. ऋचाने कळवलं, बस स्टॉप.

परवा संध्याकाळी मी वरणाचा कुकर लावला आणि बेल वाजली. दारात मनूकाका. सोमवारी त्यांच्या बोटाचं ऑपरेशन आहे.

"मोकळ्या आहात का, सेक्रेटरीबाई? थोडं वाजवणार होतो."

"ऐकू येतं मला खालीसुद्धा."

"तसं नाही." ते जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाले, "पर्स घेऊन या."

मी हात पुसले आणि पर्स घेतली. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायचा, हे डोक्यात ठेवून वर गेले. दाराशी एक खुर्ची मांडलेली होती. मी बसले, पर्स मांडीवर ठेवली. मनूकाकांनी उजव्या हाताने ते बोट सरळ केलं आणि सुरुवात केली. वर कर्नलच्या बाल्कनीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मुद्रिका निघाली. तालमीत ऐकली होती, हॉलमध्ये ऐकली होती. पण अशी समोर बसून, सँडल, त्यागीजी, घड्याळ यातलं काही नसताना कधी ऐकली नव्हती. खालून पहिली शिट्टी झाली. ठेका पुढे गेला. दुसरी झाली. मनूकाकांनी मान वर करून माझ्याकडे एकदा बघितलं, कुठला स्टॉप आला हे खिडकीतून बघावं तसं, आणि पटकन नजर तारांवर नेली.

तिसरी शिट्टी झाली. माझा हात पर्सवर गेला.

फार तर पंजाबी बाग आली असेल, मी मनात म्हटलं. तिथून लाजपतनगर लांब आहे.

खाली चौथी शिट्टी झाली. पर्स मी मांडीवरच ठेवली.